नकाशाच्या कडेने : बीकेसी ते साबरमती

दिवस पहिला : बीकेसी आणि म्हातार्डी

गेली अठरा वर्षं मी शहरांच्या विकास आराखड्यांचे नकाशे काढते आहे. या नकाशांची एक गोष्ट मला पहिल्या नोकरीपासून खटकत आलीय. नगरपालिकेची हद्द संपली की रंग संपतात, रस्ते संपतात आणि पुढे नुसता पांढरा कागद. पलीकडेही गाव असतं, ओढा असतो, शाळेत जाणारी पोरं असतात, पण ती दुसऱ्या कार्यालयाच्या नकाशात, वेगळ्या साली काढलेल्या. दोन नकाशे शेजारी लावले की अठरा मीटरचा रस्ता हद्दीवर येऊन नऊ मीटरचा होतो, नाहीतर कुणाच्या विहिरीशी जाऊन थांबतो.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यातले ३४८ गुजरातेत, १५६ आपल्याकडे आणि मधले ४ दादरा नगर हवेलीत. म्हणजे दोन राज्यं, एक केंद्रशासित प्रदेश, आणि त्यांच्या पोटात कितीतरी महापालिका, प्राधिकरणं, ग्रामपंचायती. इतक्या हद्दी ओलांडणारी एक सरळ रेघ आखायची तर तो पांढरा कागद कुणीतरी भरलाच असणार. तो कुणी भरला, कसा भरला आणि कुठे राहून गेला, हे डोळ्यांनी पाहायचं बरेच दिवस मनात होतं. जानेवारीत चार दिवसांची रजा टाकली आणि पाठीवर सॅक घेऊन निघाले.

सकाळी मेट्रो तीनने बीकेसीला, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, उतरले. कामाच्या जागेभोवती उंच पत्रे आहेत. एका फाटकातून ट्रक आत जाताना क्षणभर आतलं दिसलं. माती सोलून काढल्यासारखी उभी भिंत, तिच्यात ओळीने ठोकलेल्या लोखंडी सळ्या, आणि खाली जाणारा उतार. डंपर त्या उतारावर वळला आणि दिसेनासा झाला. इथलं स्थानक जमिनीखाली साधारण ३२ मीटर खोल आहे, सहा फलाटांचं. या मार्गावरचं जमिनीखालचं हे एकमेव स्थानक.

ते खाली का गेलं, याचं उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकात नाही. याच भूखंडावर राज्याला आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र हवं होतं. एकाच जागेवर दोघांचा डोळा. बरीच ओढाताण झाल्यावर वर इमारत आणि खाली स्थानक असा तोडगा निघाला. स्थानकाचा पाया असा आखलाय की वर ९५ मीटर उंचीची इमारत पेलता यावी. दोन कार्यालयांनी एका जागेची अशी उभी वाटणी केलेली मी माझ्या कामात फारशी पाहिलेली नाही. मला ती आवडली. खर्च वाढला असेल, पण दोघांचंही काम झालं.

वेळ मात्र गेला. आधी जागेचा वाद, मग त्या जागेवर उभं राहिलेलं कोविड केंद्र, कोपऱ्यातला पेट्रोल पंप. २०१९ च्या अखेरीस आलेल्या राज्य सरकारने प्रकल्पाचा फेरविचार करायचं ठरवलं. जागा सप्टेंबर २०२२ मध्ये ताब्यात गेली आणि स्थानकाचं कंत्राट मार्च २०२३ मध्ये दिलं गेलं. वापी ते वडोदरा या २३७ किलोमीटरच्या टप्प्याचं कंत्राट २०२० मध्येच झालं होतं. म्हणजे एका टोकाला खड्डा खणायला घेण्याआधी दुसरीकडे खांब उभे राहिले.

यावरून आपल्याकडे जी भांडणं होतात त्यात मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. प्रकल्पाच्या कंपनीत केंद्राचा वाटा १०,००० कोटींचा, आणि महाराष्ट्र व गुजरातचा प्रत्येकी ५,००० कोटींचा. बारा स्थानकांपैकी चार आपल्याकडे, आठ तिकडे. वाटा सारखा आणि स्थानकं निम्मी, हा प्रश्न विचारणाऱ्याला विकासविरोधी म्हणून गप्प करणं चूक आहे. पण स्थानकं मोजण्यापेक्षा मला वेगळं मोजावंसं वाटतं. त्या स्थानकापासून किती माणसं अर्ध्या तासात घरी पोचतील? हे मोजायचं तर हद्दीबाहेरचा नकाशा लागतो.

दुपारी कुर्ल्याहून स्लो लोकल धरून दिव्याला आले आणि तिथून रिक्षाने म्हातार्डीला. नाव ‘ठाणे’, पण स्थानक इथे, ठाणे शहरापासून चांगलं लांब. बीकेसीहून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याला बाहेर येतो, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. घणसोली ते शीळफाटा हा जवळपास पाच किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. खाडी रोहित पक्ष्यांसाठी राखीव, कडेला खारफुटी. तिच्या तोडीची परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिली, सुमारे बावीस हजार झाडांची. जागेचा एक तुकडा ठाणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत अडकला होता.

रिक्षावाल्या काकांना विचारलं, स्थानक झाल्यावर दिव्याहून इथे कसं यायचं? ते म्हणाले, “आज आलात तसंच. रस्ता हाच आहे, मॅडम.” दिव्याच्या फाटकाशी आम्ही वीस मिनिटं उभे होतो.

दिवस दुसरा : विरार, बोईसर

विरारला उतरले खरी, पण थांबले नाही. नवं स्थानक पूर्वेला डोंगराच्या बाजूला आहे आणि सकाळच्या वेळी विरार पूर्वेहून कुठेही जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. डहाणू लोकल पकडली. ही लोकल २०१३ साली सुरू झाली आणि त्या एका गाडीने पालघर, बोईसर, डहाणूच्या किती मुलींचं कॉलेज आणि किती बायकांची नोकरी शक्य झाली, हे बायकांच्या डब्यात बसल्यावर कळतं. मेथी निवडणाऱ्या, परीक्षेच्या नोट्स चाळणाऱ्या, उभ्याने डुलकी घेणाऱ्या. वैतरणेच्या पुलावर गाडी आली तशी दाराशी गेले. बुलेट ट्रेनचा सगळ्यांत लांब पूल याच नदीवर होतोय, सव्वादोन किलोमीटरहून जास्त. या जिल्ह्यात डोंगरातले सात बोगदेही आहेत.

बोईसरला मावसभाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. “ताई, हेल्मेट घाल, आज धूळ खायची आहे.” पूर्वेकडे निघालो. पालघर जिल्हा २०१४ चा, अजून लहान वय. पण त्याच्या अंगावरून आज काय काय चाललंय? पश्चिम मालवाहतूक मार्ग. मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग. बुलेट ट्रेन. आणि किनाऱ्याला वाढवण बंदर, ज्याची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. चार प्रकल्प, चार यंत्रणा. प्रत्येकाची रेघ आपापल्या परीने बरोबर असेल. त्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिल्या का, हे विचारायलाच मी इथे आले होते.

भाऊ मला एका ओळखीच्या शेतकरी काकांकडे घेऊन गेला. कुडाचं जुनं घर, पुढे सिमेंटचा नवा सोपा. भात कापून झालेलं, खळ्यावर पेंढा रचलेला. मी नकाशांचं काम करते म्हटल्यावर काका आत गेले आणि साडीच्या दुकानाची एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. ती त्यांनी बाजेवर उलटी केली.

मी ते कागद एक एक करून लावले. नोटिसा, मोजणीच्या पावत्या, पंचनाम्याच्या झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचं पान, आणि सातबाऱ्याचे उतारे. एकाच गटाचे वेगवेगळ्या वर्षांचे उतारे. आधी एक गट, मग त्याचे दोन पोटहिस्से, मग तीन. काकांची जमीन तीन ठिकाणी विखुरलेली. एक तुकडा मालगाडीत गेलेला, एकातून महामार्ग, एकाच्या कोपऱ्यावरून बुलेटचा मार्ग. “हा मालगाडीचा,” काका एका उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा मोठ्या रस्त्याचा, हा बुलेटचा. पैसे मिलाले, नाही मिलाले असं मी बोलनार नाय. पन बाय, दर वेली येगली मान्सं. दर वेली पह्यल्यापासून सांगायचा, हिर कुठं, आंबा कुठं, भावाचा हिस्सा कुठं.”

मग आम्ही बांधावरून त्या कोपऱ्यापर्यंत गेलो. गवतात तीन खुणा सापडल्या. एक घडीव दगड, कडेला चुन्याचा पांढरा पुसट डाग. एक सिमेंटचा आखूड खांब, त्यावर खोदलेली अक्षरं झिजलेली. एक नुसतीच लोखंडी सळी, टोकाला लाल रंग. तिन्ही हातभर अंतरात. पहिली खूण कुणाची हे काकांना सांगता आलं नाही, मलाही. मी टेप काढून तिन्हींमधलं अंतर वहीत लिहून घेतलं. कुणी मागितलेलं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पाय निघेना.

जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा या आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याने ग्रामसभेचं मत घ्यावं लागतं. कित्येक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते. महाराष्ट्रातलं भूसंपादन पूर्ण व्हायला जानेवारी २०२४ उजाडला. हा उशीर हट्टीपणामुळे झाला असं म्हणणाऱ्यांनी ती पिशवी पाहावी. एकाच घरासमोर तीन जण तीन वेळा आपापला नकाशा उलगडत असतील, आणि कुणाकडेच तिघांचा मिळून एक नकाशा नसेल, तर माणूस शेवटच्याला नाही म्हणणारच. पहिल्या दिवशीच सगळे एकत्र बसले असते तर? एक मोजणी, एक पंचनामा, एकाच वेळी सांगितलेलं संपूर्ण चित्र. यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात एक मोठं टेबल पुरतं.

बोईसर स्थानकाची जागाही पाहिली. जुन्या स्टेशनपासून पूर्वेला, आजूबाजूला शेतं आणि वीटभट्ट्या. स्थानकांभोवतीच्या परिसराचा आराखडा आधीच करण्यासाठी जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेबरोबर ‘प्रोजेक्ट स्मार्ट’ नावाचं काम हाती घेतलं आहे. केंद्राची दोन मंत्रालयं, राज्यं, स्थानिक प्राधिकरणं सगळी त्यात आहेत. त्यासाठी चार स्थानकं निवडली : साबरमती, सुरत, विरार आणि ठाणे. बोईसर नाही. मला हे मनापासून लागलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले हजारो कामगार ज्या स्टेशनवर उतरतात, तिथे आत्ताच रस्ता, बस, रिक्षातळ ठरवला नाही तर पाच वर्षांनी प्रत्येक प्लॉटला भिंत पडलेली असेल.

रात्री मावशीकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. वही उघडी ठेवून झोपले.

दिवस तिसरा : हद्द, बिलिमोरा, सुरत

बोईसरहून सकाळची गाडी. घोलवड गेलं, उंबरगाव आलं, पाट्यांची लिपी बदलली. गाडीला काही धक्का बसला नाही. तिकडे सुरत–भुसावळ मार्गावर नवापूर स्टेशनात एकच बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, कारण रेल्वे आधी आली आणि राज्यं १९६० साली झाली. मुंबईपर्यंतची ही पश्चिमेची लोहमार्गाची ओळ १८६४ मध्ये पुरी झाली. तेव्हाही मधे बडोदा संस्थान होतं, त्यामुळे हद्दींची वाटाघाट काही आजची नाही.

वापीला उतरून रिक्षाने डुंगऱ्याला गेले. इथे चित्रच वेगळं. खांबांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत, वर चाळीस मीटर लांबीचे गर्डर, म्हणजे मार्ग पेलणाऱ्या तुळया, बसलेले. असा एक गर्डर सुमारे ९७० टन वजनाचा, जमिनीवर ओतून अख्खा उचलून ठेवतात. जवळच दादरा नगर हवेलीचे चार किलोमीटर. एवढ्याशा तुकड्यासाठीही वेगळं प्रशासन, वेगळी संपादनाची फाईल.

गुजरातेत सगळं बिनबोभाट झालं, असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. २०१८ मध्ये इथले शेतकरी उच्च न्यायालयात गेले होते आणि त्यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात एकाहून जास्त राज्यांतल्या प्रकल्पासाठी ‘समुचित सरकार’ म्हणजे केंद्र. मग राज्याने एकट्याने अधिसूचना कशी काढली? न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये याचिका फेटाळल्या, केंद्राने राज्याला दिलेले अधिकार ग्राह्य धरले. निकाल तसा लागला. पण मार्ग एक, तर जमीन घेणारा कोण, हा प्रश्न आपण पालघरमध्ये विचारला तोच त्यांनी इथे विचारला होता, हे वाचल्यापासून दोन्हीकडचे शेतकरी मला एकाच बांधावर बसलेले दिसतात.

दुपारी बिलिमोरा. इथे मी मुद्दाम थांबले, कारण इथे तीन वेगवेगळ्या रुंदीचे लोहमार्ग आहेत. जुन्या स्टेशनचा ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. त्याच्या कडेला वघईला जाणारा नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर, बडोदा संस्थानच्या काळातला, डांगच्या जंगलातून लाकूड आणण्यासाठी घातलेला. आणि केसली गावाजवळ नव्या स्थानकात १४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज. छोट्या रुळांमध्ये उभी राहून पाहिलं, दोन्ही पाय सहज दोन रुळांवर टेकतात. या तिन्हींवरची गाडी एकमेकींच्या रुळावर जाऊ शकत नाही. डांगहून येणाऱ्या माणसाला दोनदा उतरावं लागणार. उतरणं वाईट नाही, पण उतरल्यावर किती चालायचं आणि पुढची गाडी थांबलेली असेल का, हे दोन वेगवेगळ्या वेळापत्रकांनी एकमेकांना विचारायला हवं.

जपानमध्ये क्युशू बेटावर हेच घडलंय. फुकुओका ते नागासाकी शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, जायची तर मध्ये सागा प्रांत लागतो. तिथली जुनी गाडीच चाळीस मिनिटांच्या आत फुकुओकाला पोचवते, आणि नवा मार्ग बांधायचा तर खर्चाचा वाटा मात्र प्रांताला उचलावा लागणार. आधी ठरलं होतं की चाकांमधलं अंतर बदलणारी, दोन्ही गेजवर धावणारी गाडी आणायची. ती २०१८ मध्ये बारगळली. सागा प्रांताने पूर्ण मार्गाला संमती दिली नाही. त्यामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला पश्चिम क्युशू शिंकान्सेन ६६ किलोमीटरचाच आहे, ताकेओ-ओन्सेन ते नागासाकी, आणि ताकेओ-ओन्सेनला समोरच्या फलाटावर गाडी बदलावी लागते. सागावर चिडणारे पुष्कळ आहेत. मला सागाचं म्हणणं रास्त वाटतं. ज्याच्या अंगणातून गाडी जाते त्याला तिचा उपयोग किती, हे आखणी करतानाच विचारायचं असतं.

सुरत संध्याकाळी. स्थानक अंत्रोळीला, शहराबाहेर. पहिली गाडी २०२७ मध्ये याच भागात धावेल असं जाहीर झालंय. स्थानक भव्य आहे, काम पुष्कळ पुढे गेलंय. मी मात्र बाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. इथे रस्ता रुंद करायला घेतला होता, आणि प्रोजेक्ट स्मार्टच्या चार नावांत हे एक आहे, हे लक्षात आलं.

दिवस चौथा : वडोदरा, अहमदाबाद, साबरमती

वडोदऱ्यात नवा मार्ग जुन्या स्टेशनाच्या अंगाला खेटून जातो. दाटीत काम करणं अवघड, पण प्रवाशासाठी सोयीचं. गाडीतूनच पाहिलं. आणंद–नडियादचं स्थानक उत्तरसंडा गावी, दोन्ही शहरांच्या मधे. दोघांना द्यायचं म्हणून दोघांपासूनही दूर. ही तडजोड मला पटत नाही, पण दोन्हीकडून बस आली तर निभेल.

अहमदाबादला कालुपूर स्टेशनातल्या दहा, अकरा आणि बारा क्रमांकाच्या फलाटांवर नवं स्थानक उभं राहिलंय. मला जे पाहायचं होतं ते त्यापुढे, साबरमतीला. १४ सप्टेंबर २०१७ रोजी प्रकल्पाची पायाभरणी साबरमतीलाच झाली. इथल्या इमारतीवर पोलादात घडवलेली दांडी यात्रा आहे. खाली उभी राहून मी ती पाहिली आणि मग पादचारी पूल शोधायला निघाले. या इमारतीतून जुन्या रेल्वेच्या दोन्ही बाजूंची स्टेशनं, मेट्रो आणि बीआरटीएस (स्वतंत्र मार्गिकेवरची बससेवा) पुलांनी जोडायची अशी आखणी आहे. एका बाजूने चालायला लागले. पावलं मोजली. ऊन लागत नव्हतं, रस्ता ओलांडावा लागत नव्हता, पाटीवर पुढच्या गाडीकडचा बाण होता. रेल्वेची हद्द संपून महापालिकेची कुठे सुरू झाली हे मला पायांखाली कळलं नाही. मी मागे वळून पुन्हा एकदा तेच अंतर चालले.

हे करायला काही वेगळे कायदे लागले नाहीत. रेल्वे, मेट्रो, महापालिका यांनी पूल कुठे उतरणार हे खांब ओतायच्या आधी ठरवलं. दिव्याच्या फाटकाशी थांबलेली वीस मिनिटं आठवली आणि घसा दाटला.

रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. वही उघडून बोईसरच्या पानावर नव्या स्थानकापासून जुन्या स्टेशनापर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढली, काकांचा आंबा आणि विहीर वगळून. ती रेघ कुणाच्या कार्यालयात न्यायची याची यादी करायला घेतली : जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, रेल्वे, औद्योगिक वसाहत, तीन ग्रामपंचायती. यादी पान उलटून पुढे गेली.

आठवड्याने भावाचा फोन आला. “ताई, काकांकडे पुन्हा मोजणीवाले आले होते. या वेळी स्टेशनकडे जायच्या रस्त्याची. काका तुझं नाव विचारत होते. त्या तीन खुणांमधलं अंतर तू लिहून घेतलंयस ना, ते त्यांना पाहिजे.”

मी वहीचं ते पान फोटो काढून पाठवलं.